मूत्राशयाच्या अर्बुदपेशींच्या वाढीवर होणारा प्रारणाचा परिणाम : एक विवेचन

सारांश

मूत्राशयाच्या कर्करोगात किरणोपचाराचा वापर शतकभर होत आला आहे. तरीही प्रारणामुळे अर्बुदपेशींची वाढ नेमकी कशी थांबते आणि काही रुग्णांत ती का थांबत नाही, हे प्रश्न दीर्घकाळ अभ्यासाचा विषय राहिले आहेत. प्रस्तुत लेखात प्रारणाने पेशीत घडणारे बदल, पेशीचक्रातील थांबे, पेशीमृत्यूचे प्रकार, वाचलेल्या पेशींचे वर्तन आणि रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. उपचाराचे यश केवळ मात्रेवर अवलंबून नसते. पेशींना मिळणारा ऑक्सिजन, त्यांची दुरुस्तीक्षमता आणि उपचाराचा एकूण कालावधी या तीन घटकांचा त्यात निर्णायक वाटा असतो, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मूत्राशय, अर्बुदपेशी, आयनीकारक प्रारण, पेशीचक्र, ऑक्सिजन-न्यूनता, किरणोपचार.

प्रस्तावना

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या इतिहासात १८९५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जर्मनीतील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांमध्ये आढळलेल्या मूत्राशयाच्या अर्बुदांची माहिती वैद्यकीय जगासमोर मांडली. व्यवसायातील रसायनांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो, या ज्ञानाचा प्रारंभ येथे झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. एका घटनेने या रोगाच्या कारणमीमांसेस आरंभ झाला, तर दुसरीने त्याच्यावरील एका उपचाराचा पाया घातला.

जागतिक पातळीवरील अंदाजानुसार २०२२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे २ लाख २० हजार रुग्णांचा मृत्यू झाला. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. तंबाखूच्या धुरातील ॲरोमॅटिक अमाइन वर्गातील रसायने रक्तावाटे मूत्रपिंडात व तेथून मूत्रात येतात. मूत्राशयात मूत्र काही तास साठून राहत असल्याने त्याच्या आतील अस्तराचा या रसायनांशी दीर्घकाळ संपर्क येतो.

रोग स्नायूंपर्यंत पोहोचला असल्यास रुग्णासमोर प्रामुख्याने दोन मार्ग असतात. पहिला मार्ग संपूर्ण मूत्राशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा. त्यानंतर मूत्र शरीराबाहेर जाण्यासाठी आतड्याच्या भागाचा उपयोग करून पर्यायी व्यवस्था करावी लागते. दुसरा मार्ग मूत्राशय जागेवर ठेवून किरणोपचार व औषधोपचार यांच्या साहाय्याने अर्बुद नष्ट करण्याचा आहे. दुसरा मार्ग कोणासाठी सुरक्षित ठरेल, हे अर्बुदपेशी प्रारणाला कसा प्रतिसाद देतात यावर अवलंबून असते. पेशीविज्ञानातील या प्रश्नाला म्हणूनच प्रत्यक्ष जीवनात मोठे महत्त्व आहे.

येथे ‘वाढ’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला अर्थ एकेका पेशीच्या पातळीवरचा, म्हणजे पेशीचक्राच्या एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाऊन विभाजन पूर्ण करण्याचा आहे. दुसरा अर्थ रोगाच्या पातळीवरचा, म्हणजे अस्तरापुरत्या मर्यादित अर्बुदाने स्नायूंत शिरण्याचा व पुढे दूरच्या अवयवांत पसरण्याचा आहे. या दुसऱ्या प्रक्रियेस प्रस्तुत लेखात रोगाची ‘आगेकूच’ असे म्हटले आहे. प्रारण पहिल्या प्रक्रियेवर थेट आघात करते. दुसरी प्रक्रिया थांबते की नाही, हे मात्र त्या आघातातून वाचलेल्या पेशी पुढे काय करतात यावर ठरते.

१. मूत्राशयाचे अस्तर आणि अर्बुदाच्या अवस्था

मूत्राशयाच्या आतील पृष्ठभागावर अनेक थरांचे एक विशिष्ट अस्तर असते. मूत्राशय भरताना ते ताणले जाते व रिकामे होताना पूर्ववत होते. या अस्तराखाली संयोजी ऊतींचा थर, त्याखाली स्नायूंचा जाड थर आणि त्याबाहेर मेदयुक्त ऊती अशी रचना आढळते. मूत्राशयाचे बहुसंख्य कर्करोग या अस्तरातील पेशींपासून उद्भवतात.

अर्बुद कोणत्या थरापर्यंत पोहोचले आहे, यावरून त्याची अवस्था ठरविली जाते. अस्तरापुरते मर्यादित असलेले, फांद्यांसारखे वाढणारे अर्बुद ‘टी-ए’ अवस्थेचे, संयोजी ऊतींत शिरलेले ‘टी-१’, स्नायूंत शिरलेले ‘टी-२’, बाहेरील मेदापर्यंत गेलेले ‘टी-३’ आणि शेजारच्या अवयवांत पोहोचलेले ‘टी-४’ अवस्थेचे मानले जाते. यांखेरीज अस्तरात सपाट पसरणारा, परंतु उच्च श्रेणीचा एक प्रकार असतो. तो वरवरचा दिसत असला तरी उपचारांअभावी स्नायूंकडे जाण्याचा त्याचा धोका मोठा असतो.

निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग स्नायूंपर्यंत पोहोचलेला नसतो. जनुकीय दृष्ट्याही या रोगाचे दोन ढोबळ मार्ग दिसतात. निम्न श्रेणीच्या वरवरच्या अर्बुदांत ‘एफजीएफआर-३’ या जनुकातील उत्परिवर्तने वारंवार आढळतात. अशी अर्बुदे पुन्हा पुन्हा उद्भवतात, पण क्वचितच खोलवर जातात. स्नायूंत शिरणाऱ्या अर्बुदांत मात्र ‘पी-५३’ आणि ‘आरबी-१’ या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांतील बिघाड अधिक प्रमाणात दिसतो. हीच जनुके प्रारणानंतर पेशीचक्र थांबविण्यातही भाग घेतात.

२. प्रारणाचा पेशीवरील आघात

उपचारासाठी वापरले जाणारे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण पेशीतून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन मुक्त करतात, म्हणजेच आयनीकरण घडवितात. प्रस्तुत लेखात ‘प्रारण’ ही संज्ञा या आयनीकारक प्रारणाच्या अर्थानेच वापरली आहे. या प्रारणाचे मुख्य लक्ष्य पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे असते.

डीएनएची हानी दोन प्रकारे होते. प्रत्यक्ष प्रकारात मुक्त झालेला इलेक्ट्रॉन डीएनएच्या रेणूवरच आघात करतो. अप्रत्यक्ष प्रकारात प्रारणामुळे प्रथम पेशीतील पाण्याचे रेणू फुटतात, त्यांतून हायड्रॉक्सिल मूलकांसारखे अतिशय क्रियाशील घटक तयार होतात आणि ते डीएनएवर हल्ला करतात. क्ष-किरणांच्या बाबतीत सुमारे दोन-तृतीयांश हानी या अप्रत्यक्ष मार्गाने होते.

प्रारणाची शोषित मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक ग्रे मात्रेने एका पेशीत डीएनएचे सुमारे १००० एकपदरी आणि साधारणपणे २० ते ४० दुपदरी तुकडे पडतात. एकपदरी तुटींची दुरुस्ती सुलभ असते, कारण समोरची अखंड साखळी नमुना म्हणून उपलब्ध असते. दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी तुटल्यास मात्र दुरुस्ती अवघड होते. पेशीच्या भवितव्याचा निर्णय प्रामुख्याने या दुपदरी तुटींवर होतो. अशी तूट झाल्यावर काही मिनिटांतच तिच्या आसपासच्या ‘एच-२-एएक्स’ या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडला जातो. १९९८ मध्ये लक्षात आलेल्या या बदलामुळे प्रतिदीप्त रंगद्रव्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली या तुटी ठिपक्यांच्या रूपात मोजता येऊ लागल्या. प्रारण दिल्यानंतर काही तासांनी किती ठिपके शिल्लक राहतात, यावरून पेशीच्या दुरुस्तीक्षमतेचा अंदाज बांधता येतो.

३. पेशीचक्रातील थांबे आणि पेशीमृत्यू

तुटलेल्या डीएनएसह विभाजन करणे पेशीला घातक असते. त्यामुळे पेशीचक्रात तपासणीचे काही थांबे असतात. दुपदरी तूट प्रथम ‘एमआरई-११’, ‘आरएडी-५०’ व ‘एनबीएस-१’ या प्रथिनांचा समूह ओळखतो. तेथून ‘एटीएम’ हे विकर कार्यान्वित होते. एटीएम पुढे पी-५३ या प्रथिनास स्थैर्य देते आणि पी-५३ ‘पी-२१’ या रोधक प्रथिनाची निर्मिती वाढविते. परिणामी पेशी डीएनएची प्रत तयार करण्यापूर्वीच थांबते. हा पहिला थांबा होय. दुसरा थांबा डीएनएची प्रत तयार झाल्यानंतर, विभाजनाच्या अगदी आधी असतो.

स्नायूंत शिरलेल्या अर्बुदांमध्ये पी-५३ बहुधा सदोष असल्याने पहिला थांबा दुर्बळ होतो. अशा पेशी दुसऱ्या थांब्यावर अधिक अवलंबून राहतात. दुसरा थांबा औषधाने निकामी केल्यास तुटलेल्या डीएनएसह पेशी विभाजनात ढकलल्या जातील व नष्ट होतील, या तर्कावर आधारित संशोधन सुरू झाले ते यामुळेच. निरोगी पेशींचा पहिला थांबा शाबूत असल्याने त्यांना तुलनेने कमी इजा व्हावी, अशी त्यामागील अपेक्षा आहे.

प्रारणाने पेशी तत्काळ मरते, असा एक सर्वसाधारण समज आहे. घन अर्बुदांच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा आहे. बऱ्याच पेशी प्रारणानंतर काही तास किंवा दिवस जिवंत दिसतात, एक-दोनदा विभाजनाचा प्रयत्न करतात आणि गुणसूत्रांची नीट वाटणी न झाल्याने त्या प्रयत्नात कोसळतात. काही पेशी नियोजित पेशीमृत्यूच्या मार्गाने जातात. काही पेशी मरत नाहीत, परंतु विभाजनक्षमता कायमची गमावून जीर्णावस्थेत राहतात. म्हणून प्रारणजीवशास्त्रात पेशी ‘जिवंत’ असण्याचा निकष वेगळा आहे. जी पेशी पुढे विभाजित होऊन वसाहत निर्माण करू शकते, तीच वाचलेली मानली जाते. थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५६ मध्ये मानवी पेशींच्या वसाहती मोजून मात्रेनुसार पेशी वाचण्याचा आलेख प्रथम मांडला. ती पद्धत आजही या क्षेत्राचा आधार आहे.

उपचार संपल्यानंतर अर्बुद लगेच नाहीसे होत नाही याचे कारणही यातच आहे. मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी काही आठवड्यांनंतर करण्यामागे हाच विचार असतो.

४. प्रयोगशाळेतील पेशीवंश : उपयोग आणि मर्यादा

मूत्राशयाच्या अर्बुदपेशींवरील प्रारणाचे प्रयोग बहुधा प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशीवंशांवर केले जातात. त्यांपैकी ‘आरटी-४’ हा वंश फांद्यांसारख्या वाढणाऱ्या, सुविभेदित अर्बुदापासून मिळविलेला असून त्यातील पी-५३ जनुक अबाधित आहे. ‘टी-२४’ हा वंश उच्च श्रेणीच्या अर्बुदापासून तयार झाला आणि त्यातील पी-५३ सदोष आहे. टी-२४ला कर्करोगविज्ञानात विशेष स्थान आहे. १९८२ मध्ये याच पेशींतील ‘एच-रास’ जनुकात एका ठिकाणी झालेला बदल उघडकीस आला. मानवी अर्बुदात केवळ एका घटकाच्या बदलाने सामान्य जनुक कर्कजनुक बनते, याचा तो पहिला पुरावा ठरला. त्या बदलामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन येते. १९९०च्या दशकातील प्रयोगांत रास प्रथिनाची क्रिया औषधाने रोखल्यास या जनुकात बदल झालेल्या पेशी प्रारणाला अधिक संवेदनशील होतात असे आढळले. पेशीला सतत वाढण्याचा आदेश देणारे संकेत तिला प्रारणातून वाचण्यासही मदत करतात, हा त्यातून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष होय.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘ईजे’ आणि ‘एमजीएच-यू-१’ या नावांनी स्वतंत्र म्हणून वापरले गेलेले पेशीवंश प्रत्यक्षात टी-२४चेच असल्याचे नंतर सिद्ध झाले. दोन वेगळ्या वंशांत सारखाच परिणाम दिसला, असे ज्या अभ्यासांत गृहीत धरले गेले, तेथे खरे पाहता एकाच वंशाची दोनदा तपासणी झाली होती. शिवाय पसरट पात्रात एका थरात वाढणाऱ्या पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतो. त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या, संयोजी ऊती किंवा प्रतिकारपेशी नसतात. पी-५३ची स्थिती पाहून प्रारणाचा परिणाम अचूक वर्तविता येईल, ही प्रारंभीची अपेक्षा पूर्ण झाली नाही. एका जनुकावरून पेशीची संवेदनशीलता ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

५. वाचलेल्या पेशी आणि रोगाची आगेकूच

किरणोपचारानंतर रोग पुन्हा बळावतो तो वाचलेल्या पेशींमुळे. त्या वाचण्याची व पुढे वाढण्याची कारणे चार गटांत मांडता येतात.

(अ) ऑक्सिजन-न्यूनता : प्रारणाने निर्माण झालेल्या मूलकांमुळे डीएनएवर झालेली इजा ऑक्सिजनच्या उपस्थितीत पक्की होते. ऑक्सिजन नसल्यास ती रासायनिक दृष्ट्या भरून येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ऑक्सिजनविरहित पेशींत तेवढाच परिणाम घडविण्यासाठी सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या अर्बुदांचे छेद तपासून दाखविले की, रक्तपुरवठ्यापासून ठरावीक अंतरापलीकडील पेशी मृत असतात. जिवंत व मृत भागांच्या सीमेवर अल्प ऑक्सिजनवर तग धरणाऱ्या पेशी असतात आणि त्याच प्रारणाला दाद देत नाहीत. अशा पेशींत ‘एचआयएफ-१’ हे प्रथिन वाढते. ते नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस व पेशींच्या स्थलांतरास चालना देते. म्हणजेच ज्या पेशी प्रारणातून वाचण्याची शक्यता अधिक, त्याच पेशींची पसरण्याची क्षमताही अधिक असू शकते.

(आ) दुरुस्तीक्षमता : दुपदरी तुटी जोडण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत तुटलेली टोके थेट सांधली जातात; ही पद्धत जलद पण चुकांना वाव देणारी आहे. दुसरीत जुळ्या साखळीचा नमुना वापरून अचूक दुरुस्ती होते. दुरुस्ती कार्यक्षम असेल तर पेशी वाचते. ती सदोष असेल तर पेशी मरते किंवा बदललेल्या गुणसूत्रांसह पुढे जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात अर्बुदपेशींतील एमआरई-११ प्रथिनाचे प्रमाण कमी असलेल्या रुग्णांत किरणोपचारानंतरचे परिणाम अधिक वाईट आढळले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत असा संबंध दिसला नाही. त्यामुळे कोणत्या रुग्णास किरणोपचार द्यावेत हे ठरविण्याची कसोटी मिळाल्याची आशा निर्माण झाली. परंतु नंतरच्या मोठ्या पडताळणीत, विशेषतः रंजनाच्या पद्धतीतील फरकांमुळे, हा निष्कर्ष सातत्याने टिकला नाही. एका संशोधनगटाच्या निष्कर्षावरून उपचाराचा निर्णय करणे किती जोखमीचे असते, याचे हे उदाहरण होय.

(इ) पुनर्वसाहत : किरणोपचार अनेक आठवडे चालतो. त्या काळात वाचलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. मूत्राशयाच्या अर्बुदांच्या बाबतीत उपचार पाच-सहा आठवड्यांहून अधिक लांबल्यास पेशींच्या वाढीचा वेग वाढत असल्याचे निष्कर्ष १९९०च्या दशकापासून मांडले गेले आहेत. यामागील एक यंत्रणा लक्षणीय आहे. मरणाऱ्या पेशी ‘प्रोस्टाग्लँडिन ई-२’ हा संदेशवाहक पदार्थ बाहेर सोडतात व तो शेजारच्या जिवंत पेशींना विभाजनास उद्युक्त करतो, असे २०११ मध्ये प्रारण दिलेल्या अर्बुदांच्या बाबतीत दाखविण्यात आले. २०१५ मध्ये मूत्राशयाच्या अर्बुदांवरील रसायनोपचाराच्या प्रयोगांतही असाच परिणाम आढळला. हे दोन्ही निष्कर्ष प्रामुख्याने पेशी व उंदीर यांवरील प्रयोगांचे आहेत. तथापि, उपचारात मधेच पडलेला खंड हानिकारक का ठरतो, याचे आकलन त्यातून होते.

(ई) स्थलांतर आणि प्रतिकारशक्ती : मारक नसलेल्या मात्रेने काही प्रकारच्या अर्बुदपेशींची स्थलांतरक्षमता वाढते, असे प्रयोगशाळेतील अनेक अभ्यासांत आढळले आहे. प्रारणामुळे कार्यान्वित होणारा ‘टीजीएफ-बीटा’ हा घटक अस्तरपेशींना परस्परांपासून सुटून फिरत्या पेशींचे रूप घेण्यास प्रवृत्त करतो. आधारऊती विरघळविणारी विकरेही वाढू शकतात. याउलट प्रारणाने मेलेल्या पेशींतून बाहेर पडणारे डीएनएचे अंश व प्रथिने प्रतिकारयंत्रणेला जागृत करतात. मात्र अर्बुदपेशी आपल्या पृष्ठभागावर ‘पीडी-एल-१’ हे प्रथिन वाढवून त्या यंत्रणेला रोखू शकतात. किरणोपचारास या प्रथिनाविरुद्धच्या औषधांची जोड देण्याच्या चाचण्यांमागील शास्त्रीय आधार हाच आहे.

या चारही गटांतील निष्कर्षांवरून ‘प्रारणाने कर्करोग पसरतो’ असा अर्थ काढणे अयोग्य ठरेल. अपुऱ्या मात्रेचे परिणाम आणि पूर्ण, नियोजित उपचाराचे परिणाम यांत मूलभूत फरक आहे. पात्रातील पेशींचे वर्तन रुग्णाच्या शरीरात जसेच्या तसे घडते, असे मानता येत नाही. त्यासाठी रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांचाच आधार घ्यावा लागतो.

६. रुग्णांवरील चाचण्यांतून मिळालेली उत्तरे

वरील कारणांपैकी काहींची प्रत्यक्ष पडताळणी ब्रिटनमधील चाचण्यांत झाली आहे. ऑक्सिजन-न्यूनतेचा प्रश्न ‘बीकॉन’ या चाचणीने हाताळला. तीत ३३३ रुग्णांचा समावेश होता. एका गटास केवळ किरणोपचार देण्यात आले. दुसऱ्या गटास किरणोपचाराच्या वेळी ९८ टक्के ऑक्सिजन व २ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण श्वासावाटे आणि निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व-ब वर्गातील द्रव्य पोटातून देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ४६ टक्के, तर दुसऱ्या गटात ५९ टक्के होते. ज्यांच्या अर्बुदात मृत ऊतींचे भाग होते, त्यांना या पद्धतीचा लाभ झाल्याचे पुढील विश्लेषणात दिसले. मृत ऊती हे ऑक्सिजन-न्यूनतेचे चिन्ह असल्याने १९५५ मधील निरीक्षणाशी हा निष्कर्ष सुसंगत आहे.

‘बीसी-२००१’ या चाचणीत ३६० रुग्णांवर किरणोपचारासोबत फ्लुओरोयुरॅसिल व मायटोमायसिन-सी ही औषधे देण्याचा परिणाम तपासला गेला. फ्लुओरोयुरॅसिल डीएनएच्या निर्मितीत व दुरुस्तीत अडथळा आणते. मायटोमायसिन ऑक्सिजन-न्यून पेशींवर विशेष परिणामकारक असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर मूत्राशय व लगतच्या भागात रोगमुक्त राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ किरणोपचाराच्या गटात ५४ टक्के, तर संयुक्त उपचाराच्या गटात ६७ टक्के होते. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३५ व ४८ टक्के होते. मात्र हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही. स्थानिक नियंत्रण सुधारणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. किरणोपचारापूर्वीच दूरवर पोहोचलेल्या पेशींना मूत्राशयावरील प्रारण स्पर्श करू शकत नाही.

कालावधीचा प्रश्न या दोन्ही चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून तपासला गेला. ६४ ग्रे मात्रा ३२ भागांत सुमारे साडेसहा आठवड्यांत, किंवा ५५ ग्रे मात्रा २० भागांत चार आठवड्यांत, अशा दोन पद्धती त्यांत वापरल्या होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २० भागांच्या पद्धतीत मूत्राशयात व लगतच्या भागात खोलवर शिरणारा रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते आणि दुष्परिणाम अधिक नव्हते. एकूण मात्रा कमी असूनही परिणाम सरस ठरला. प्रत्येक भागातील मात्रा मोठी असणे आणि पुनर्वसाहतीस मिळणारा अवधी कमी असणे, या दोन्ही गोष्टींशी हा निष्कर्ष जुळतो. त्याचे व्यावहारिक महत्त्वही मोठे आहे. ग्रामीण भागातून शहरातील केंद्रात येणाऱ्या वृद्ध रुग्णास ३२ ऐवजी २० वेळा यावे लागणे म्हणजे उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढणे होय.

वरवरच्या अर्बुदांचे चित्र वेगळे आहे. उच्च श्रेणीच्या टी-१ अर्बुदांत किरणोपचार दिल्यास रोगाची स्नायूंकडे होणारी आगेकूच रोखता येईल, या अपेक्षेने ब्रिटनमध्ये २१० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रूढ, मूत्राशय राखणाऱ्या उपचारांच्या तुलनेत किरणोपचाराचा कोणताही लाभ आढळला नाही. पात्रातील पेशी प्रारणाने मरतात म्हणून प्रत्येक अवस्थेत प्रारण उपयुक्त ठरेल, हे अनुमान येथे खोटे ठरले. या अवस्थेत संपूर्ण अस्तरच बदललेले असू शकते आणि उपचारानंतर त्यात नव्याने अर्बुदे उद्भवू शकतात, ही बाब येथे विचारात घ्यावी लागते.

७. प्रारण : रोगाचे कारण म्हणूनही

प्रारण अर्बुदपेशी नष्ट करते, त्याचप्रमाणे निरोगी पेशींत उत्परिवर्तन घडवून कर्करोगास कारणीभूतही होऊ शकते. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँबस्फोटांतून वाचलेल्या व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासात मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्ष-किरण व गॅमा किरण यांना या रोगाचे सिद्ध कारण मानले आहे. गर्भाशयमुख किंवा पुरस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत अनेक वर्षांनंतर मूत्राशयाचा कर्करोग उद्भवण्याचा धोका काहीसा अधिक असतो. हा धोका मूळ रोगाच्या उपचारापासून मिळणाऱ्या लाभाच्या तुलनेत लहान असतो. परंतु अशा रुग्णास कालांतराने मूत्रातून रक्त गेल्यास ते केवळ जुन्या उपचाराचा परिणाम मानून दुर्लक्षित करू नये. प्रारणामुळे मूत्राशयाच्या भिंतीत सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण होऊन दीर्घकालीन दाह व रक्तस्राव होऊ शकतो, आणि अर्बुदाचेही तेच लक्षण असते. दोहोंतील भेद तपासणीनेच कळतो.

८. शस्त्रक्रिया की मूत्राशयरक्षण

या दोन मार्गांची थेट तुलना करण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘स्पेअर’ ही चाचणी योजण्यात आली होती. पुरेसे रुग्ण सहभागी न झाल्याने ती ४५ रुग्णांनंतर थांबवावी लागली. मूत्राशय काढावे की ठेवावे हा निर्णय चिठ्ठी टाकून व्हावा, हे रुग्णांना व चिकित्सकांनाही स्वीकारणे कठीण गेले. त्यामुळे पूर्वलक्षी माहितीवरच विसंबावे लागते. अमेरिका व कॅनडा येथील तीन केंद्रांतील ७२२ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही उपचारांस पात्र असलेल्या रुग्णांची संख्याशास्त्रीय पद्धतीने तुलना केली असता पाच वर्षांपर्यंत दूरच्या अवयवांत रोग न पसरलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७४ टक्के, तर अर्बुद खरवडून काढल्यानंतर औषधे व किरणोपचार घेतलेल्या गटात ७५ टक्के आढळले. या दुसऱ्या गटातील सुमारे १३ टक्के रुग्णांना पुढे मूत्राशय काढून टाकावे लागले. हे निष्कर्ष निवडक रुग्णांपुरते आहेत. एकच व मर्यादित आकाराचे अर्बुद असणे, मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नलिका अवरुद्ध नसणे आणि सपाट प्रकारचा रोग सर्वत्र पसरलेला नसणे, या अटी त्यात अभिप्रेत होत्या. मूत्राशय राखलेल्या रुग्णाने आयुष्यभर नियमित तपासणी करून घेणे हाही या उपचाराचाच एक भाग आहे.

समारोप

मूत्राशयाच्या अर्बुदपेशींच्या वाढीवर प्रारणाचा परिणाम एकरेषीय नाही. प्रारण डीएनएचे तुकडे करून पेशीचक्र थांबविते व बहुसंख्य पेशींची विभाजनक्षमता संपविते. तथापि, रोगाची आगेकूच थांबेल की नाही, हे अल्पसंख्य वाचलेल्या पेशी ठरवितात. त्या पेशींना ऑक्सिजन किती मिळत होता, त्यांनी इजा कितपत दुरुस्त केली आणि पुन्हा वाढण्यास त्यांना किती अवधी मिळाला, या प्रश्नांची उत्तरे उपचाराच्या आखणीत शोधावी लागतात. ऑक्सिजन वाढविणे, संवेदनशीलता वाढविणारी औषधे देणे आणि उपचार कमी आठवड्यांत पूर्ण करणे हे तीनही उपाय पेशीविज्ञानातून सुचले आणि रुग्णांवरील चाचण्यांत उपयुक्त ठरले. पी-५३ व एमआरई-११ यांवर आधारलेल्या अपेक्षा मात्र त्याच कसोटीवर पूर्णपणे उतरल्या नाहीत. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णशय्येजवळचा निर्णय यांच्यामध्ये पडताळणीचा टप्पा अपरिहार्य असतो. कोणत्या रुग्णाचे मूत्राशय निर्धास्तपणे वाचविता येईल, हे उपचारापूर्वीच सांगू शकणारी विश्वसनीय कसोटी निर्माण करणे, हे या संशोधनापुढील प्रमुख कार्य आहे.